स्वॅबची काडी बाईच्या हातात द्या की!

अंगावरून पांढरं जातंय, खाज आहे, वास येतोय, तरी महिनोन्‌महिने अंगावर काढणाऱ्या बायका कमी नाहीत. खोदून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आतून तपासतील ना!" मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून स्पष्टच लिहिते. अशा बहुतेक संसर्गांच्या निदानासाठी दरवेळी स्पेक्युलम (योनी उघडून आत बघायचं साधन) घालावाच लागतो असं नाही. आणि हे बाईने विचारायची वाट न बघता डॉक्टरांनी आपणहून सांगायला हवं.

क्लॅमिडिया, गनोरिया, ट्रायकोमोनास या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गांचं निदान आता जंतूच्या जनुकीय द्रव्यावरून होतं. कोविडमुळे पीसीआर सगळ्यांच्या तोंडी बसलंय, त्याच जातकुळीतली ही चाचणी. जंतू जिवंत नसले, अगदी थोडे असले तरी तिला सापडतात. त्यामुळे नमुना गर्भाशयमुखापासूनच घ्यायला हवा, ही अट उरलेली नाही. बाथरूमचं दार लावायचं, स्वॅब योनीत साधारण 5 सेंटीमीटर आत सरकवायचा, 10 ते 30 सेकंद फिरवायचा, नळीत घालून खुणेवर काडी मोडायची आणि झाकण घट्ट लावायचं. झालं. "बायकांना नीट जमणार नाही" हे शहाणपण मी बरेचदा ऐकलंय, तेही टॅम्पॉन आणि कप वापरणाऱ्या बायकांबद्दल! अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, या चाचण्यांसाठी बाईने स्वतः घेतलेला स्वॅब डॉक्टरांनी घेतलेल्याइतकाच भरवशाचा असतो.

स्वॅबही नको वाटत असेल तर लघवीवर चाचणी होते. गोंधळ होतो तो इथे. मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी मधली धार द्यायची असते. या चाचणीला मात्र पहिलीच धार लागते, तीही 20-30 मिली. आधी तासभर लघवीला गेलेलं नसावं, धुणं-पुसणंही नको. काठोकाठ भरलेली बाटली आली की आम्ही कपाळाला हात लावतो, कारण नमुना पातळ होतो आणि असलेला संसर्ग निसटू शकतो. तसंही बायकांमध्ये लघवीपेक्षा स्वॅबच सरस. लघवीत 10 टक्क्यांपर्यंत कमी केसेस सापडतात.

अंदाजाने क्रीम आणून लावणं मात्र मला अजिबात पटत नाही. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःच यीस्टचं (बुरशीच्या संसर्गाचं) निदान करून औषध विकत घेणाऱ्या बायकांपैकी जेमतेम एक तृतीयांश जणींना निव्वळ यीस्टचा संसर्ग होता. योनीतली आम्लता मोजणाऱ्या पीएचच्या पट्टीचंही तेच. 4.5 च्या वर आकडा गेला तर बॅक्टेरियल व्हजायनोसिसचा (योनीतल्या जिवाणूंचं संतुलन बिघडल्याचा) संशय घेता येतो, पण पाळीचं रक्त किंवा वीर्य असलं तरी आकडा वरच जातो. शिवाय यीस्टमध्ये तो बहुधा नॉर्मलच येतो.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीसाठीही जागतिक आरोग्य संघटनेने 2021 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्वतः घेतलेला नमुना मान्य केलाय. तो पॉझिटिव्ह आला तर पुढची तपासणी टाळून चालणार नाही, तेवढी मनाची तयारी हवी.

आणि ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, संबंधांच्या वेळी आत कळ येते, किंवा दिवस गेलेत आणि रक्त जातंय, तर स्वॅब पाठवून घरी बसू नका. गर्भाशय-नलिकांपर्यंत संसर्ग पोचलाय का, हे हाताने तपासल्याशिवाय नीट कळत नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.