पुढच्या इयत्तेची घाई नको

शाळा सुटल्यावरच्या गणिताच्या तासात हुशार मुलांना पुढच्या इयत्तेचं पुस्तक सुरू करून द्यावं, ही एका लेखातली सूचना मला अजिबात पटली नाही. आहे त्याच वजाबाकीत केवढी गंमत आहे! गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी शोधलेला ६१७४ हा आकडा घ्या. कोणतेही चार अंक घ्या, फक्त सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने मांडलेल्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. फार तर सात वजाबाक्या, की तिथेच पोहोचतो. न पोहोचणारी संख्या शोधायच्या नादात मुलं हातच्याची कितीतरी गणितं आपणहून करतात. (तीन अंकांना ४९५ येतं, पण ते त्यांचं त्यांना सापडू द्या.) आणि कृपा करून या तासाला गुण देऊ नका.