बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा : कॅम्परवाल्यांच्या एका फॉरवर्डला उत्तर

उन्हाळा तोंडावर आला की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. ट्रॅव्हलरच्या सीटा काढून आत पलंग, ओटा, फ्रिज बसवून घेतलेल्या गाड्या, म्हणजे कॅम्पर, आता आपल्या विदर्भातही दिसतात. ताडोब्याच्या मोहर्ली गेटजवळ, लोणारला, चिखलदऱ्याला मुक्कामी उभ्या असतात. या मंडळींच्या ग्रुपवर 'कॅम्परच्या बॅटरीचे सहा सोनेरी नियम' येऊन पडतात. ते असे : मीटरवर बारा व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी चांगली. रात्री फ्रिज बंद पडला म्हणजे बॅटरी मेली, बदला. इंजिन अर्धा तास चालवलं की घरची बॅटरी (आतला पंखा-फ्रिज चालवणारी दुसरी बॅटरी) फुल. ऊन जितकं कडक तितकी सोलरची वीज जास्त. फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा टाका. आणि एवढं करूनही जमत नसेल तर लिथियम बसवा, कटकट संपली.

माझं रस्त्याकडेला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. येतात ते जास्त करून ट्रॅक्टर आणि पिकअप, पण मधूनमधून असा एखादा कॅम्परही दारात लागतो, आणि मालक हाच मेसेज मोबाईलवर दाखवतो. सहापैकी एक नियम अर्धा खरा आहे. बाकीचे पाळले तर वीस-तीस रुपयांच्या लगपायी (वायरीच्या टोकाला दाबून बसवतात ती धातूची टोपी) माणूस पंधरा हजारांची बॅटरी घेऊन बसतो, आणि नवी बॅटरीही महिन्याभरात तसंच करते.

'बारा व्होल्ट म्हणजे चांगली.' बारा हे नुसतं नाव आहे. आत सहा सेल असतात, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. भरलेली, आराम दिलेली लेड-ॲसिड (नेहमीची शिसे-ॲसिडची) बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी उरली, आणि बरोब्बर १२.० म्हणजे जेमतेम पाव. म्हणजे मेसेज जिला चांगली म्हणतो ती बॅटरी उतरलेली असते, आणि तशीच वापरत राहिलं की प्लेटांवर सल्फेट धरतं. मोजायची वेळही महत्त्वाची. चार्जिंग काढल्या काढल्या १३ च्या वर दिसेल, त्यावर जाऊ नका. सगळं बंद करून तीन-चार तास थांबा, किंवा सकाळी पॅनलवर ऊन यायच्या आत मोजा. मग पंखा, दिवे, फ्रिज लावा आणि पुन्हा बघा. एवढ्याशा लोडवर १२.६ वरून साडेअकराच्या खाली घसरली तर आत काहीतरी गडबड आहे. बुचं उघडता येत असतील तर हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता दाखवणारी नळी, घाला. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी भरल्यावर १२४० च्या आसपास असते, गाडीची त्याहून थोडी वर. आकड्यापेक्षा सहा सेलांतला फरक बघा. पाच सेल सारखे आणि एक पन्नासने खाली, तर तो सेल गेला, बॅटरी बदला. पाणी कमी असेल तर डिस्टिल्डच टाका. आरओचं चालत नाही, आणि ॲसिड तर अजिबात नको.

आता फ्रिज. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत हीच सगळ्यांत जास्त असते, आणि मेसेज सगळ्यांत जास्त चुकतो तोही इथेच.

कारंज्याकडचे एक काका गाडी घेऊन आले. "भाऊ, बॅटरी तं नवीच टाकली, तरी रातच्याला फ्रिज बंदच पडून राह्यला. आता दुसरी घेऊ का?" मी बॅटरीवर मीटर लावलं, १२.३. मग मागे जाऊन फ्रिजच्या प्लगवर लावलं आणि काकांना फ्रिज चालू करायला सांगितलं. कॉम्प्रेसरने उचल घेतली तसा आकडा १०.९ वर आला. एवढं कुठे गळालं? बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली, फ्रिज पार मागे, अंतर पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा. बसवणाऱ्याने अडीच चौरस एमएमची वायर ओढलेली. तांब्याच्या अशा दहा मीटर वायरचा रोध ०.०७ ओहम होतो. कॉम्प्रेसर सुरू होताना दहा अँपिअर घेत असेल तर ०.७ व्होल्ट नुसत्या वायरीतच गेले. उरलेले ०.७ शोधायला लगवरचं काळं स्लीव्ह कापलं. आत तार हिरवी पडलेली, आणि दाबलेला लग बोटाने फिरत होता.

अशा फ्रिजांत बॅटरी वाचवायला कटऑफच्या पातळ्या दिलेल्या असतात, व्होल्ट त्याखाली गेले की फ्रिज आपोआप बंद होतो. वरची पातळी लावली असेल तर अकराच्या वरच तो हात वर करतो. त्याला बॅटरीचे १२.३ दिसतच नाहीत, स्वतःच्या प्लगवर आले तेवढेच दिसतात. आपण दहा चौरस एमएमची वायर टाकली, लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबले. बॅटरीला हातही लावला नाही.

हे घरी तपासता येतं. फ्रिज चालू ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं फ्रिजच्या प्लसवर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत खाल्ले जातायत. मायनसचंही तसंच करा. ०.३ च्या पुढे गेलं तर एकेक सांधा चाचपत जा. मायनस बॉडीला मारलेला असेल तर तो बोल्ट आधी बघा. नव्वद टक्के लोक तो रंगावरच कसतात, रंग खरवडत नाहीत. (नव्वद हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजलेला नाही.)

बॅटरी खरोखरच रात्रीत उतरत असेल तर खाणारा शोधा. सगळं बंद करा, मायनसची वायर सोडा आणि मीटर अँपिअरवर घेऊन मध्ये जोडा. ५० मिलिअँपिअरच्या आत आलं तर ठीक. इन्व्हर्टर नुसता चालू राहिला, त्यावर काहीही लावलेलं नसलं, तरी अर्धा ते एक अँपिअर पितो. म्हणजे दिवसाला १२ ते २४ एएच (अँपिअर-तास), आणि दीडशे एएचच्या बॅटरीतून लेड-ॲसिडला धक्का न लावता वापरायचे असतात फक्त ७५. मीटर असा मध्ये जोडलेला असताना सेल्फ मारू नका, इन्व्हर्टरही चालू करू नका, मीटरचा फ्यूज जातो. गाडी शेताच्या कडेला उभी असते त्यांनी दिवाळीच्या सुमारास फ्रिजच्या मागे टॉर्च मारून बघावं. सोयाबीन निघालं की उंदीर गाडीत शिरतात आणि वायरीचं कातडं सोलून ठेवतात.

'अर्धा तास इंजिन, बॅटरी फुल.' गुणाकार करा. अर्ध्या उतरलेल्या दीडशे एएचला ७५ एएच परत हवेत. इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या अल्टरनेटरकडून घरच्या बॅटरीपर्यंत अगदी ३० अँपिअर पोचले, तरी अर्ध्या तासात पडले १५. त्यातही इंजिन नुसतं घुरघुरत ठेवलं तर अल्टरनेटर पूर्ण देत नाही, आणि लेड-ॲसिड शेवटचा वीस टक्के भाग तासन्‌तास घेत बसते, घाई केली तरी. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत आणखी एक भानगड असते. काही गाड्यांत इंजिनची बॅटरी भरली की कॉम्प्युटर अल्टरनेटरचे व्होल्ट उतरवतो, मग घरच्या बॅटरीला फारसं काही मिळत नाही. इंजिन चालू ठेवून घरच्या बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. साडेतेराच्या खाली असेल तर आत फारसं काही जात नाही. तिथे मध्ये बसून व्होल्ट वाढवून देणारा डीसी-टू-डीसी चार्जरच लागतो.

ऊन आणि सोलर. हा तो अर्धा खरा नियम. पॅनलला उजेड हवा, उष्णता नको. पॅनलची शक्ती २५ अंशांवर मोजून लिहिलेली असते, आणि त्याच्या पुढे दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के घटते. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे हवाच ४५ अंशांवर जाते, तेव्हा टपाला चिकटवलेलं पॅनल ६५-७० वर असतं. म्हणजे बारा ते अठरा टक्के तिथेच गेले. चार बोटं उंच पट्ट्यांवर बसवून खालून वारा खेळता ठेवला तर फरक पडतो. धूळ पुसा. आणि आपण तर कडुनिंब दिसला की त्याखाली गाडी लावतो, माणसाच्या दृष्टीने बरोबरच आहे, पण पॅनलच्या एका पट्टीवर सावली पडली तरी उत्पादन निम्म्याखाली येऊ शकतं. गाडी सावलीत आणि सुटं पॅनल उन्हात, जाड वायर लावून, हा त्यावरचा तोडगा.

खरा मार उन्हाचा बसतो तो बॅटरीला, आणि मेसेजमध्ये त्याचा शब्द नाही. लेड-ॲसिडचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. सायलेन्सरच्या वर, बंद पेटीत ठेवलेली बॅटरी म्हणूनच दोन उन्हाळे काढत नाही. गरम बॅटरीला चार्जिंगचे व्होल्टही कमी लागतात, बारा व्होल्टच्या बॅटरीला अंशामागे सुमारे २० मिलिव्होल्ट. बॅटरी ४५ अंशांवर असेल तर १४.४ च्या जागी १४.० पुरे. सोलर कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर असतो, तो वायरीसकट डब्यातच पडून राहिलेला मी बघितलाय. तो बॅटरीला चिकटवा, नाहीतर पाणी उकळून जातं. एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी बुचं उघडून बघा. पेटीला बाहेर निघणारी नळी हवीच, चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन झोपायच्या जागेत साचू देऊ नका.

मोठ्या फ्यूजबद्दल जास्त बोलायची गरज नाही. फ्यूज वायरीसाठी असतो, वस्तूसाठी नाही. दहाच्या जागी तीस टाकला की फ्यूज टिकतो आणि वायर पेटते, आणि गाडीत प्लायवूड, फोम, पडदे आणि गॅसचा सिलिंडर असतो. ज्याने हे लिहिलं त्याला एकदा जळलेली गाडी दाखवायला हवी. शॉर्ट शोधायचा तर फ्यूज काढून त्याच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तोवर बल्ब लख्ख पेटतो. एकेक वस्तू काढत जा, ज्या वस्तूवर तो मंदावला किंवा विझला, दोष तिथे. आणि मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात असू द्या. त्याच्या अलीकडच्या वायरीला कसलंच संरक्षण नसतं.

लिथियम चांगलंच आहे, मी स्वतः बसवून देतो. पण कटकट संपत नाही, बदलते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १३.२-१३.३ वर इतकी सपाट चालते की व्होल्ट बघून किती उरलं ते कळतच नाही, त्याला आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा शंटचा मीटर हवा. जुन्या चार्जरचा इक्वलायझेशन मोड, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्ट देणारा, तिला चालत नाही. अल्टरनेटरला थेट जोडली तर ती इतका करंट ओढते की उभ्या गाडीत अल्टरनेटर तापून जळू शकतो. आणि बहुतेक कंपन्या चार्जिंगची वरची हद्द ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान देतात. मे महिन्यात दुपारी बंद गाडीचं आतलं तापमान ते सहज गाठतं. मग बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं संरक्षणाचं सर्किट, चार्जिंग तोडतं, मीटरवर चार्जिंगचा करंट शून्य येतो, आणि मालक फोन करतो, लिथियम मेली म्हणून. दारं उघडा, थंड होऊ द्या, परत येते. तो बोटाने फिरणारा लग मात्र लिथियमनंतरही फिरतच राहील.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट उरली. ढाब्यावर किंवा ओळखीच्यांच्या वाड्यात वायर लावून मुक्काम करता, तेव्हा बॉडीला हात लागला की मुंग्या येतात का? येत असतील तर आधी प्लग काढा, बॅटरी नंतर बघू. गावाकडे अर्थिंग म्हणजे बहुतेक वेळा काळ्या मातीत ठोकलेली एक सळई असते. उन्हाळ्यात ती माती भेगाळते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून थोडा फायदा होतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर नव्या बॅटरीसाठी काढून ठेवलेल्या पैशांतून आधी तो बसवून घ्या.