हॅरी लीच्या आठवणी आणि एक घोडा: आक्षेपाला उत्तर

माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांविरुद्ध लढलेला घोडदळाचा अधिकारी हेन्री ली ऊर्फ 'लाइट-हॉर्स हॅरी' हा कर्जबुडवा. त्याने तुरुंगात लिहायला घेतलेल्या आठवणी म्हणजे स्वतःचीच बखर, आणि ती मी इतिहास म्हणून खपवली. शिवाय लीच्या स्वारांनी केलेली पाइलच्या लोकांची कत्तल मी एका ओळीत उरकली. दुसरा आक्षेप मान्य, चूक माझीच. पहिला मान्य नाही, आणि का ते त्या कत्तलीतूनच सांगतो.

२५ फेब्रुवारी १७८१, उत्तर कॅरोलायना. डॉ. जॉन पाइल राजनिष्ठांची, म्हणजे इंग्रज राजाच्या बाजूच्या अमेरिकनांची, सुमारे चारशे माणसं घेऊन टार्लटनच्या इंग्रज घोडदळाला मिळायला निघाला होता. लीच्या स्वारांचे कोटही टार्लटनच्या स्वारांसारखे हिरवे. पाइलचे लोक फसले आणि रस्त्याच्या कडेला रांगेत उभे राहिले. ली त्यांचं कौतुक करत रांगेच्या टोकाला गेला, पाइलचा हात हातात घेतला, तेवढ्यात मागे चकमक पेटली. राजनिष्ठांचे नव्वदच्या आसपास मेले. लीच्या बाजूला एक घोडा जखमी.

ली म्हणतो, मारायचा बेत नव्हताच. खरी ओळख देऊन 'घरी जा किंवा आमच्यात या' असं सांगणार होतो, पहिला बार त्यांनी काढला. तिथेच असलेला, लीच्याच बाजूचा जोसेफ ग्रॅहम वेगळं सांगतो: टोपीवरच्या लाल चिंध्यांवरून पाइलचे लोक राजनिष्ठ म्हणून ओळखले गेले आणि पहिला घाव लीच्या अधिकाऱ्याने घातला. आता गंमत बघा. लीच पुढे लिहितो की आम्हाला धोका नव्हताच. त्यांच्या बंदुका खांद्यावर, नळ्या उलट दिशेला. आमच्या तलवारी मात्र उपसलेल्या आणि घोडी त्यांना भिडलेली. सावध माणूस एवढी तयारी ठेवेलही. पण ग्रॅहमला बळ देणारा हा तपशील आपल्याला दिला कुणी? तुमच्या त्या कर्जबुडव्यानेच.

कर्जाचं म्हणाल तर जमिनींच्या सट्ट्यात तो बुडाला, १८०९ मध्ये आत गेला. व्हर्जिनियाचा माजी गव्हर्नर! पुस्तक आलं १८१२ मध्ये. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या जमावाने एका वृत्तपत्राची बाजू घेतल्याबद्दल त्याला अर्धमेला केला. त्यातून तो कधीच नीट सावरला नाही.



तुमचा एक टोमणा मात्र वर्मी लागला. मी वापरली ती १८६९ ची आवृत्ती, मुलाने चरित्र जोडून काढलेली. मुलगा म्हणजे रॉबर्ट ई. ली, पुढे अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती. १८१३ मध्ये बाप वेस्ट इंडीजला गेला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. पुन्हा भेट झाली नाही. परतीच्या वाटेवर १८१८ मध्ये बाप कंबरलंड बेटावरच वारला. त्या चरित्रातून उचललेली वाक्यं मी मूळ लेखात वेगळी दाखवतो, आणि पाइलवर एक सबंध परिच्छेद घालतो. घोड्यासकट.