चष्मा दप्तरात ठेवून नंबर उतरत नाही

पोट्ट्याला चष्मा लागला की "लय अभ्यास करते" म्हणून कौतुक, आणि पोट्टीला लागला की घरात सुतक. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे हे दरवर्षी बघतो. "सर, तिले रोज चष्मा नोका लावू देऊ, सवय लागन. उद्या सोयरिकीले अडचण जाईन." मग ती पोरगी चष्मा दप्तरात ठेवते, डोळे बारीक करून फळ्याकडे बघते आणि शेजारणीच्या वहीतून गणित उतरवते. आकडा चुकला की आपण म्हणतो, पोरगी ढ आहे.

बाप्पा, चष्म्यानं नंबर वाढत नाही. लांबचं अंधुक दिसतं कारण डोळ्याचा गोळा लांबट होतो आणि प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अलीकडंच पडते. पोर वाढतं तसा गोळाही लांबत जातो, म्हणून नंबर चढतो. चष्मा न लावल्यानं किंवा मुद्दाम कमी नंबरचा दिल्यानं तो थांबत नाही. गाजरानं तर नाहीच. आठवडी बाजारातला तयार चष्माही घेऊ नका, तो म्हाताऱ्यांच्या जवळच्या वाचनाचा असतो, त्यानं लांबचं आणखीच धूसर होतं.

सगळं मोबाइलच्या माथी मारूनही भागत नाही. आईबापाला नंबर असेल तर पोराला लागायची शक्यता जास्त. पण तासन्‌तास डोळ्याजवळ धरलेलं काहीही, मोबाइल काय नि पुस्तक काय, भर घालतं. आणि बाहेरचा उजेड राखण करतो. रोज दोनेक तास मोकळ्यावर खेळणाऱ्या पोरांना नंबर लागायचं प्रमाण कमी असतं. त्यासाठी आपल्या मे महिन्याच्या उन्हात पोरं भाजायची गरज नाही. सकाळ-संध्याकाळ आणि निंबाची सावली पुरते, तिथंही वर्गापेक्षा कितीतरी पट उजेड असतो. शिकवणीच्या नावाखाली पोरींचं संध्याकाळचं खेळणं बंद करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्यांनी चिठ्ठी दिली तर ग्रामीण रुग्णालयात न्या. शाळकरी पोरांना चष्मा फुकट देण्याची सरकारी योजना आहे, तिथं विचारा. लहान पोरांच्या डोळ्यांत थेंब टाकून तपासतात, काही काळ जवळचं अंधुक दिसतं, घाबरू नका. नंबर झपाट्यानं चढत असेल तर कमी मात्रेच्या अ‍ॅट्रोपिनच्या थेंबांबद्दल डॉक्टरांशी बोला. मनानं मात्र कुठलाच थेंब टाकू नका. उणे 6 च्या पुढं नंबर गेला तर पुढं पडदा सुटायचा धोका वाढतो, म्हणून दरवर्षी तपासणी करा. तिसरीतला चष्मा सहावीपर्यंत ओढू नका.