नोंद बंद केली म्हणजे चूक थांबत नाही

लिनक्सच्या लॉगमध्ये 'पीसीआयई बस एरर: सिव्हिरिटी=करेक्टेड' अशा ओळींचा पूर आला (पीसीआयई म्हणजे वायफायसारखी कार्डं संगणकाला जोडणारी लिंक) तर बूटच्या वेळी 'पीसीआय=नोएईआर' द्या, हा एका लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. त्याने एईआर, म्हणजे या एरर टिपणारी आणि हाताळणारी यंत्रणा, बंद होते; नोंद थांबते, चूक नाही. उद्या खरोखर 'फेटल' (गंभीर) एरर आली, तर डिव्हाइस रीसेट करून सावरायची ड्रायव्हरला मिळणारी संधीही जाते.

करेक्टेड म्हणजे हार्डवेअरने स्वतःच निस्तरलं, डेटा शाबूत आहे. बऱ्याचदा मूळ वीज वाचवण्यात असतं: एएसपीएम (पीसीआयईची वीज वाचवणारी सोय) लिंकला एल१ या कमी विजेच्या स्थितीत झोपवतं आणि काही कार्डांना तिथून नीट उठता येत नाही. इथे अनेकजण फसतात. 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ' दिल्याने एएसपीएम बंद होत नाही! कर्नल (लिनक्सचा गाभा) फक्त त्याला हात लावत नाही. बायॉसने (संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने) चालू ठेवलं असेल तर ते चालूच राहतं. बंद करायचं तर एएसपीएमची पॉलिसी 'परफॉर्मन्स' हवी. त्याहून बरं म्हणजे, कर्नल ५.५ पासून सिसएफएसमध्ये (कर्नलची सेटिंग्ज दाखवणाऱ्या फायलींत) डिव्हाइसच्या 'लिंक' फोल्डरात एल१चा स्वतंत्र स्विच मिळतो. एका वायफाय कार्डापायी अख्ख्या लॅपटॉपची बॅटरी कशाला जाळायची? स्विच बंद करून 'एईआर_डेव्ह_करेक्टेबल' या फाइलमधला करेक्टेड एररचा आकडा बघा. तरीही वाढत राहिला, तर कार्ड काढून स्लॉटमध्ये नीट बसवा.