सव्वाअकराला बाहेर गेलेला माणूस

रविवारी घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत मावसबहिणीचा सोऱ्या परत द्यायला गेलो होतो. पितळी सोऱ्या, मावशीच्या रुखवतातला, वजनाला चांगलाच. दिवाळीला आणलेला, तुळशीचं लग्न उलटलं तरी आमच्याकडेच. नीलाताईचे तीन फोन येऊन गेले होते, आणि तिसऱ्यात तिनं माझी चौकशीही केली नाही, थेट सोऱ्याचीच केली. तेव्हा निघालो.

फाटकावरच्या पोरानं पिशवी बाहेरून चाचपली.

“काका, काय हाय ह्यात?”

“सोऱ्या.”

“काय?”

“चकलीचा.”

त्यानं हातातल्या फोनवर बोट फिरवलं. पाहुणा, कॅब, कामवाली आणि डिलिव्हरी, एवढ्याच जातीची माणसं तिथे आत जातात. “चकली म्हंजे डिलिव्हरीच की,” असं स्वतःशीच म्हणून त्यानं बटण दाबलं आणि मला मागच्या सर्व्हिस लिफ्टकडे पिटाळलं. लिफ्टमध्ये कचऱ्याचे दोन निळे ड्रम आणि मी. इस्त्रीचा शर्ट घातला होता हो मी. तेहतीस वर्षं बँकेत काढली, लोक दारापर्यंत सोडायला यायचे. अर्थात कर्ज मंजूर होईपर्यंतच यायचे, ते सोडा.

ताईकडे चहा झाला, पोहे झाले. निघताना ती म्हणाली, “खाली पार्किंगमधूनच जा, फाटक जवळ पडतं.” इथे माझं चुकलं. नौपाड्यातल्या माणसानं, ज्याच्या इमारतीला तीन मजले, एक जिना आणि जिन्याखाली एक झोपलेलं मांजर असतं, त्यानं तळघराच्या भानगडीत पडू नये.

बी-टूला उतरलो. मागे लिफ्टचं दार मिटलं. समोर खांबच खांब, सगळे कमरेपर्यंत पिवळे-काळे. फोनला रेंज नाही. जमिनीवर पांढरा बाण होता, त्याच्यामागून गेलो तर तो पंपरूमपाशी संपला. दुसरा बाण धरला. पंपरूमच.

अशा वेळी माणसाला देव आठवतो म्हणतात. मला सिनेमे आठवले. १९८६ साली जिम हेन्सनचा एक इंग्रजी सिनेमा आला होता, ‘लॅबिरिंथ’. त्यातली मुलगी रस्ता चुकू नये म्हणून लिपस्टिकनं फरश्यांवर बाण काढत जाते आणि तिची पाठ वळली की चिमुकले प्राणी त्या फरश्याच उलट्या करून ठेवतात. तेव्हा वाटलं होतं, काय कल्पनाशक्ती! आता खात्री आहे की ते प्राणी पुढे इकडे रंगकामाची कंत्राटं घेऊ लागले. मग कुब्रिकचा ‘द शायनिंग’, १९८०चा. कुऱ्हाड घेतलेला बाप झुडपांच्या भुलभुलैयात पोराच्या मागे लागतो. पोरगं बर्फातल्या आपल्याच पावलांवर पाऊल ठेवत उलटं चालत मागे येतं, बाजूला उडी मारून लपतं आणि बाप आत गोठून मरतो. मूळ कादंबरीत तो भुलभुलैया नाहीच, तिथे प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं आहेत. पण सिनेमात निदान बाप तरी मागे लागलेला असतो! कुणाला तरी तुम्ही हवे असता. बी-टूमध्ये मी कुणालाच नको होतो. एका मोटारीच्या खिडकीतून कुत्र्यानं बघितलं, तेही तोंड फिरवून बसलं.

शास्त्रही करून बघितलं. उजवा हात भिंतीला लावून चालत राहायचं, हात सोडायचा नाही, बाहेर पडताच येतं, असा नियम आहे. हात भिंतीला लावला आणि निघालो. जाळीचं दार, फायर एक्स्टिंग्विशर, कुणाचा तरी झाकून ठेवलेला पाळणा, जाळीचं दार, फायर एक्स्टिंग्विशर, पाळणा. चौथ्यांदा पाळणा आल्यावर थांबलो. हा नियम बाहेरच्या भिंतीला सलग जोडलेल्या भिंतींनाच लागू पडतो. मी ज्या भिंतीला धरून चाललो होतो ती लिफ्टच्या खोलीची होती, चहूबाजूंनी सुटी. बेटाभोवती प्रदक्षिणाच ती! मारुतीला घातल्या असत्या तर पुण्य तरी लागलं असतं. तळहात मात्र तव्यासारखा काळा.

सोडवलं शेवटी एका डिलिव्हरीवाल्या पोरानं. दोन्ही हातात तीन-तीन पिशव्या, सातवी दातात. ती खाली ठेवून म्हणाला, “काका, नवीन का? बाण नका बघू. वास घ्या. कचऱ्याचा वास जिकडून येतो तिकडं गेट.” ग्रीकांच्या गोष्टीत आरियाद्ने प्रियकराला सुताची गुंडी देते, ती सोडत सोडत तो आत जातो आणि तेच सूत धरून बाहेर येतो. मी कुजलेल्या कोबीचा माग काढत बाहेर आलो.

आणि तिथे फाटकावर दुसरा माणूस. मघाचं पोरगं जेवायला गेलेलं. हा पन्नाशीचा, मिशा विंचरलेल्या, गणवेशाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. त्यानं फोन बघितला. मला बघितलं. पुन्हा फोन.

“सर, तुम्ही सव्वाअकरालाच बाहेर गेलात.”

सवाबारा वाजले होते.

“मी आत्ता जातोय.”

“डिलिव्हरीला वीस मिनटं असतात. मग सिस्टीम आपोआप बाहेर काढते. तुम्हाला काढलंय.”

“अहो, मग हा कोण उभा आहे तुमच्यासमोर?”

“तेच विचारतोय ना मी.”

तो अजिबात चेष्टा करत नव्हता, हेच भयंकर होतं. “पिशवी दाखवा,” म्हणाला. दाखवली. “रिकामी कशी? एन्ट्रीला मशीन लिहिलंय.” सोऱ्या हो, सोऱ्या, ताईला दिला. त्यानं इंटरकॉम लावला. उचलला भाच्यानं, ज्याचं अर्धं लक्ष कायम कानातल्या गाण्यात असतं.

“मशीन मिळालं का?... मिळालं. आणलेला माणूस?... बरं.” फोन ठेवून तो म्हणाला, “ते म्हणतात, गेला.”

“गेलो म्हणजे तिथून गेलो!”

“मग तिथून गेलेला माणूस इथं एक तास कुठं होता?”

काळा तळहात मी मागे लपवला. त्यानं तो आधीच बघितला होता.

“बाहेर गेलेल्याला परत बाहेर सोडता येत नाही सर. आत असाल तर सोडतो.”

“मी आतच आहे.”

“सिस्टीमला नाही.”

अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरता येत होतं, बाहेर पडता येत नव्हतं, एवढं आपण लहानपणापासून ऐकतो. पण कौरवांपैकी कुणी त्याला “आपण मघाशीच गेलात” असं सांगितल्याचं ऐकिवात नाही.

मागे रांग लागली होती. दोन डिलिव्हरीवाले, एक इस्त्रीवाला, एक बाई हातात डबा घेऊन. कुणी आवाज चढवत नव्हतं. ती पोरं रोज असल्या किती फाटकांवर उभी राहत असतील आणि त्यांचीही वीस मिनटं कुठे कुठे संपत असतील, तो हिशोब मी त्या वेळी केला नाही. मला फक्त माझा शर्ट दिसत होता. तावातावानं म्हणालो, “मी पाहुणा आहे, पाहुणा!”

त्याचा चेहरा एकदम उजळला. “मग आधी सांगायचं की! पाहुणा म्हणून नवी एन्ट्री टाकतो. आत घेतो, मग सोडतो.”

“आत यायचं म्हणजे बाहेर जावं लागेल ना आधी?”

“नाही नाही, जागचं हलू नका. फोटो घेतो.” फोटोत माझं तोंड उघडं आहे. ताईला मंजुरीचा निरोप गेला, तिनं दिली, आणि फाटकाच्या आतल्या बाजूला उभ्या असलेल्या मला त्यांनी आत घेतलं. दहा सेकंदांनी बाहेर सोडलं. जाताना सलामही ठोकला, पाहुण्याला ठोकतात तो.

रिक्षात बसतोय तोवर ताईचा फोन. “अरे, परत येतोयस म्हणे? चहा टाकलाय पुन्हा. बरं झालं, येतोसच आहेस तर ती चकलीची चकती घेऊन ये. सोऱ्यात शेवेचीच आहे नुसती.”

घरी आलो. चकती ओट्यावर होती, कुकरच्या जुन्या रिंगेखाली. बायको म्हणाली, “एवढीशी तर आहे, पुढच्या रविवारी जाऊन द्या ना.”

मी म्हटलं, कुरियर करू.