"मॅडम, मग खरं कुणाचं?"

12 मे झाला, नर्सेस डे, आमच्या नर्सिंग कॉलेजात मेणबत्त्या, शपथ, केक सगळं झालं, फोटो टाकायचे राहिलेत. पण मागच्या आठवड्यापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय म्हणून आधी हे लिहिते.

सेकंड इयरची मुलं मेडिसिन वॉर्डला पोस्टिंगला होती. एका आजोबांना राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी, फीड म्हणजे पातळ अन्न द्यायची नळी) टाकायची होती. आमच्या पोरीनं नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत नीट मोजून ट्यूबवर चिकटपट्टीची खूण केली, "गिळा आजोबा, गिळा" करत करत ट्यूब आत. आता ती पोटातच गेलीय ना हे बघायचं. वॉर्डातल्या सिस्टरनी सवयीनं सिरिंजनं हवा सोडली, पोटावर स्टेथो ठेवला, गुडगुड ऐकली, "हां बरोबर आहे, फीड दे." पोरगी माझ्याकडे बघतेय. कारण मंगळवारीच वर्गात मी घसा फोडून सांगितलेलं, की हवेच्या आवाजावर विसंबू नका, ट्यूब श्वासनलिकेत असली तरी आवाज येऊ शकतो, पोटातलं पाणी ओढून पीएच (म्हणजे ते किती आम्लयुक्त आहे ते) बघा, साडेपाच किंवा त्याखाली हवा, शंका असेल तर एक्स-रे.

हळूच म्हणाली, "मॅडम, मग खरं कुणाचं?"

आता हिला काय सांगू, ती सिस्टर म्हणजे काही वर्षांपूर्वीची मीच! जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून नऊ वर्षं वॉर्डात काढली आणि प्रत्येक ट्यूब हवा सोडूनच तपासली, पीएचच्या पट्ट्या कधी डोळ्यानं बघितल्या नव्हत्या, आणि रात्री 38 पेशंटला आम्ही दोघी. (नर्सिंग कौन्सिलचा नॉर्म टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डला तीन पेशंटमागे एक नर्स असा आहे. हसू नका.)

मग पोस्ट बेसिक (डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी), एमएस्सी, आणि कॉलेजात ट्यूटर. सगळ्यांचं एकच, "सुटलीस बाई!" मला या शब्दाचाच राग आहे. दीड वर्ष नुसती लेक्चरं आणि जर्नल तपासणं केलं आणि एक दिवस मुलांसमोर कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घालायची नळी) लावायला गेले तर व्हेन सापडेना, दोनदा टोचलं, मुलं गप्प. त्या दिवशी ठरवलं, आठवड्यातले दोन दिवस वॉर्डात ड्युटी करायची. तर उत्तर काय, तुमच्या पदात ते बसत नाही. एक वर्ष अर्ज फिरला, तेव्हा कुठे परवानगी मिळाली.

अहो, मेडिकल कॉलेजातला सर्जरीचा प्रोफेसर सकाळी ओपीडी बघतो, ऑपरेशन करतो आणि दुपारी शिकवतो, त्याला कुणी म्हणतं का तुमच्या पदात बसत नाही? आमच्याकडे मात्र मेट्रन (हॉस्पिटलातल्या नर्सेसची प्रमुख) तिकडे, प्रिन्सिपॉल इकडे, आणि मधे मुलं लोंबकळत. वेल्लोरच्या सीएमसीत (ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात) नर्सिंग कॉलेजच्या टीचर वॉर्डाचीही जबाबदारी घेतात, म्हणजे हे काही आकाशातलं नाही.

त्रास आहेच. मीटिंगा नेमक्या वॉर्डाच्या दिवशी लागतात, ज्यादा पैसा शून्य, आणि पहिले दोन महिने वॉर्डातल्या सिस्टर मला इन्स्पेक्शनला आल्यासारखं बघायच्या. मग एका नाईटला मी बेडपॅन उचलला तेव्हा चहा मिळायला लागला.

त्या पोरीला मी काहीच भाषण दिलं नाही. सिस्टरना विचारून फीड थांबवलं, एक्स-रे करून घेतला, ट्यूब पोटातच होती, म्हणजे सिस्टरचंही बरोबरच निघालं! दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या इंडेंटमध्ये (स्टोअरकडे द्यायच्या सामानाच्या यादीत) पीएच पट्ट्या लिहिल्या. स्टोअरवाले दादा चष्मा वर करून म्हणाले, "मॅडम, ह्या कॉलेजच्या लॅबला ना? इथं चुकून लिहिलंय."